शर्वाणीचा वाटा

पडद्यावर आकडे उमटायच्या आधीच केतकी साळवेने पेढ्यांचं खोकं उघडून ठेवलं होतं. कर्ज मंजूर झालं की ग्राहकाला पेढा द्यायचा, अशी त्या गृहकर्ज कंपनीत पद्धत होती. निनादने पेढा उचलला. शर्वाणीचा हात मात्र खोक्यापर्यंत जाऊन तिथेच थांबला.

निनाद दाभाडे, त्रेसष्ट टक्के. शर्वाणी दाभाडे, सदतीस टक्के.

"हे उलटं झालंय," शर्वाणी म्हणाली. "नावांची अदलाबदल झाली असेल. परत बघा."

केतकीने परत पाहिलं. "नाही मॅडम, बरोबर आहे."

"अहो, बरोबर कसं असेल? सुरुवातीला भरायच्या रकमेत माझे पैसे जास्त आहेत. पगार माझा जास्त आहे. हप्त्यातला मोठा भाग मी भरणार आहे."

"आजचं तसं आहे मॅडम. समांश पुढचं बघतं."

त्या वर्षांत घराच्या मालकीवरून नवरा-बायकोंचे खटले कोर्टात इतके साचले होते, की शेवटी सरकारने नियमच केला. दोघांनी मिळून घर घ्यायचं तर कुणाचा वाटा किती, हे खरेदीच्या वेळीच ठरवायचं आणि दस्तात लिहायचं. पण ठरवायचं कशावरून? आज कुणी किती घातले त्यावरून ठरवावं, तर वीस वर्षांचे हप्ते पुढे उभे असतात. म्हणून कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी 'समांश' आणलं. घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा. रक्तात हजारो प्रथिनं असतात, आणि वयाप्रमाणे, आजाराप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलत जातं. हृदय थकायला लागलं, मूत्रपिंड कुरकुरायला लागलं, की माणसाला पत्ता लागायच्या कितीतरी वर्षं आधी ते या प्रथिनांत दिसतं. समांश ते वाचायचं, त्याला नोकरीचा सगळा इतिहास जोडायचं, लाखो कुटुंबांच्या आयुष्याशी ताडून बघायचं आणि सांगायचं, हा माणूस अजून इतकी वर्षं कमावेल, ही बाई तितकी. त्या हिशोबाने घराचे वाटे. यंत्राचा निवाडा मान्य केला की व्याज बरंच कमी. लोक आनंदाने बोट पुढे करत होते. या दोघांनीही केलं होतं, आणि त्यांच्याबरोबर राहणार म्हणून निनादच्या आईनेही.

"माझ्या रक्तात काही निघालं का?" शर्वाणीने विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"छे! तुमची तब्येत फर्स्टक्लास आहे. फक्त तुमची कमाईची वर्षं सात धरलीत."

"सात? मी छत्तीस वर्षांची आहे."

"त्रेचाळिसाव्या वर्षी तुम्ही नोकरी सोडाल, असा अंदाज आहे. का, ते मला इथे दिसत नाही. तुम्ही खुलासा मागू शकता, तो तुमचा हक्क आहे."

निनाद तिच्याकडे बघून हसला. "अगं, कागदावरचं आहे ते. घर आपलंच. पेढा तरी घे."

शर्वाणीने खोक्याचं झाकण लावलं.

सिन्नरच्या एका कारखान्यात ती पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाची प्रमुख होती. तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती. निनाद एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीचं काम घरूनच करायचा. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला दोघांनी एक फ्लॅट पसंत केला होता. सातवा मजला, तीन खोल्या, त्यातली एक आईंसाठी, पूर्वेकडच्या खिडकीची. मूल नको, हे दोघांचं लग्नाआधीच ठरलं होतं आणि अर्जात तसं लिहिलंही होतं. म्हणजे तेही कारण नव्हतं. मग कोणतं?

* * *

खुलासा द्यायला डॉ. फरीदा इनामदार आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, बोलणं शांत. समांश ज्यांनी उभं केलं त्यांच्यात त्यांचं नाव पहिलं होतं. निनादची त्या दिवशी मीटिंग होती, म्हणून शर्वाणी एकटीच गेली.

"सासूबाई तुमच्यासोबतच राहणार आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्रच आहोत."

"मेंदूतल्या पेशी झिजायला लागल्या की एक विशिष्ट प्रथिन सुटं होतं आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात रक्तात झिरपतं. माणूस तेव्हा ठणठणीत असतो, सगळं नीट आठवत असतं. पण झीज सुरू झालेली असते. तुमच्या सासूबाईंच्या रक्तात ते प्रथिन बरंच वाढलेलं आहे. पाच-सहा वर्षांत स्मृतिभ्रंश सुरू होण्याची शक्यता मोठी आहे."

शर्वाणीच्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या. मंदाकिनी दाभाडे, निवृत्त क्रीडाशिक्षिका. त्या दिवशी सकाळीच त्यांनी भाजीवाल्याला तीन आठवड्यांपूर्वीचा कोथिंबिरीचा भाव ऐकवला होता.

"याचा माझ्या नोकरीशी काय संबंध?" तिने विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं, पण ते या बाईच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"अशा शंभर घरांपैकी एकोणऐंशी घरांत सुनेने नोकरी सोडली."

"आणि मुलाने?"

"सहा."

"माझा नवरा घरून काम करतो. दिवसभर घरात असतो तो."

"ते यंत्राला माहीत आहे. त्याने आकडा हलत नाही. घरून काम करणारे मुलगे दार लावून बसतात."

"मी त्या एकोणऐंशींतली आहे, हे कशावरून?"

डॉक्टरांनी क्षणभर डोळे खाली केले. "तुमच्या वडिलांच्या आजारपणात तुम्ही अकरा महिने बिनपगारी रजा घेतली होती. एकदा अशी रजा घेतलेली बाई दुसऱ्यांदा घेते. फार क्वचित अपवाद आहेत."

"म्हणजे मी माझ्या बापाचं केलं, म्हणून माझं घर कमी?"

"तसं म्हणता येईल."

"आणि ज्याने कुणाचं काही केलं नाही, त्याचं जास्त?"

"त्याची कमाई खंडित होणार नाही. हो."

"तुम्हाला हे पटतं?"

"अंदाज बरोबर आहे," डॉ. इनामदार म्हणाल्या. "त्यावरून घर वाटावं का, हे मला कुणी विचारलं नाही. मी घर घेतलं तेव्हा मला तेहेतीस आलं होतं."

"मग काय केलंत?"

"सही केली."

शर्वाणी उठून उभी राहिली. समोरच्या बाईची कीव करावी की तिच्या टेबलावरचं सगळं खाली ढकलून द्यावं, हे तिला ठरवता येईना. "माझ्या सासूबाईंना सांगितलंत हे?"

"त्यांनी विचारलं तर सांगू."

"त्यांना काय स्वप्न पडणार आहे विचारायचं?"

ती दारापर्यंत पोचली तेव्हा डॉक्टर मागून म्हणाल्या, "एक तरतूद आहे. काळजी-हमी म्हणतात तिला. मुलाने लिहून द्यायचं, की आईचं मी बघेन आणि वेळ आली तर नोकरी मी सोडेन. हमी मोडली तर त्याच्या वाट्यातून कापलं जातं. तशी सही केली तर हिशोब परत होतो."

* * *

निनादला तिने संध्याकाळी सांगितलं. आई शेजारी गेल्या होत्या. आईचं ऐकून तो खुर्चीत बसला आणि खरंच रडला. शर्वाणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हमीबद्दल सांगितलं, तेव्हा त्याने डोळे पुसले.

"बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे?"

"अगं, होईलच असं कुठे आहे? शक्यता आहे फक्त."

"आणि झालं तर?"

"झालं तर आपण करूच ना तिचं."

"आपण म्हणजे कोण?"

"शर्वाणी, आत्ता हे भांडण काढायची वेळ आहे का?"

"आपण म्हणजे कोण, निनाद? नाव घे."

तो चिडला. "तुला काय हवंय? मी आजच लिहून देऊ, की पाच वर्षांनी नोकरी सोडतो म्हणून? कोणता माणूस असं लिहून देतो?"

"माझ्याबद्दल लिहून दिलंय त्यांनी. ते तुला चाललं. पेढा खाल्लास तू."

"ते यंत्राने लिहिलंय, मी नाही. आणि हे बघ, जरा व्यवहारी विचार कर. उद्या आईला आंघोळ घालायची वेळ आली तर मी कशी घालणार? पुरुष माणूस मी."

"मी बाबांना घालत होते."

निनाद आवाज उतरवून म्हणाला, "आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. खचेल ती."

शर्वाणी स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला घेतली. परातीवर मुठी आपटत होत्या. निनादचा राग होताच. पण त्याच्या तळाशी दुसरा एक राग होता आणि तो जास्त जाळत होता. यंत्र चुकलं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका बारशाला निनादच्या मावश्यांनी तिला कोपऱ्यात गाठून 'तुमचं कधी' म्हणून छळायला सुरुवात केली, तेव्हा मैदानावरच्या आवाजात आई ओरडल्या होत्या, "झाले प्रश्न विचारून? मग पानं घ्या!" त्यानंतर त्या घराण्यात तिला कुणी कधी काही विचारलं नाही. उद्या ही बाई रस्ता चुकून चौकात उभी राहिली, तर शर्वाणी राजीनामा टाकून धावत जाणार होती. हे तिला माहीत होतं. यंत्रालाही माहीत होतं. तिच्यातल्या चांगुलपणावर त्याने पैज लावली होती आणि त्याची किंमत तिच्याकडूनच आगाऊ कापून घेतली होती. यंत्राला खोटं पाडायचं, तर या बाईला चौकात उभं सोडावं लागणार होतं.

* * *

रविवारी सकाळी ती महापालिकेच्या मैदानावर गेली. निवृत्त झाल्यावरही मंदाकिनीबाई तिथे मुलींना खो-खो शिकवायच्या. शर्वाणीने त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जसं सांगितलं होतं तसंच, आडपडदा न ठेवता. प्रथिन, पाच-सहा वर्षं, एकोणऐंशी सुना.

मंदाकिनीबाई मैदानाकडे बघत ऐकत होत्या. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल?

"आणि मुलगे किती म्हणालीस?"

"शंभरात सहा."

"आणि मी उरलेल्यांतला एक वाढवला."

"आई, तो वाईट नाही—"

"त्याची वकिली करू नकोस माझ्यापुढे!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की खेळ थांबला. "तुम्ही का थांबलात गं? पळा!" मुली पळायला लागल्या. बाई शर्वाणीकडे वळल्या. "माझंच रक्त घेतलं. आणि माझ्या डोक्यात काय चाललंय ते गावाला सांगून मोकळे झाले. मला सोडून. त्या पोरीने बोटाला सुई टोचताना काय सांगितलं माहितीये? 'आजी, नुसती फॉर्मॅलिटी आहे.' आजी म्हणे!"

"निनाद म्हणाला, तुम्हाला सांगू नको. मला ते पटलं नाही."

"बरं केलंस. एक विचारते, खरं सांग. मला तसं झालं, तर तू सोडशील नोकरी?"

"हो," शर्वाणी म्हणाली. "सोडेन. त्याचाच तर संताप होतोय."

"मग मला तुझाही संताप येतोय," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि उठून मैदानात गेल्या.

* * *

घरी जाऊन मंदाकिनीबाई मुलाशी काय बोलल्या, ते शर्वाणीला कधीच कळलं नाही. दार बंद होतं आणि आवाज एकाच माणसाचा येत होता. मंगळवारी निनाद स्वतःहून म्हणाला, "चल, सही करून टाकतो."

कंपनीत जाताना तो जवळजवळ खुशीत होता. एखादं मोठं दान करायला निघाल्यासारखा. केतकी साळवेने हमीचा मजकूर वाचून दाखवला, त्याने अंगठा टेकवला, आणि पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं.

निनाद दाभाडे, साठ टक्के. शर्वाणी दाभाडे, चाळीस टक्के.

"हे काय?" निनाद म्हणाला. "तीनच?"

"आता ही हमी धरून केलेला हिशोब आहे सर."

"अहो, मी लिहून दिलंय, आईचं सगळं मी करणार! मग निम्मं-निम्मं तरी यायला हवं ना?"

केतकी अवघडली. "सर, याआधी ज्यांनी अशी हमी दिली, त्यातल्या किती जणांनी ती पाळली, ते यंत्र बघतं."

निनादला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा लालबुंद झाला. तो खुर्ची मागे ढकलून उभा राहिला. "म्हणजे मी खोटारडा? हे खोकं मला खोटारडा म्हणतंय? कुठल्या कोण चार नालायकांनी शब्द मोडला, त्याचं बिल माझ्यावर फाडणार? मला ओळखता तुम्ही? मी कोण आहे, कसा आहे, काय माहीत आहे तुम्हाला? मी अजून काही केलेलंच नाही!"

शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले.

"मीही अजून काही केलेलं नाही," शर्वाणी म्हणाली.

ती ओरडली नव्हती. निनाद तिच्याकडे बघत राहिला. गेले कित्येक दिवस ती ज्या आगीत उभी होती, तिच्यात तो आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा पाय ठेवत होता. हळूहळू तो खाली बसला.

"तुला राग येतोय ना?" ती म्हणाली. "तीन टक्क्यांवरून येतोय. मला सदतीस दाखवले तेव्हा तू मला गप्प बसायला सांगितलंस."

"शर्वाणी, इथे नको."

"इथेच. मला यांचं कर्ज नको. यांचं व्याजही नको आणि यांचा वाटाही नको. तो फ्लॅट गेला तर जाऊ दे."

केतकी काहीतरी म्हणायला गेली. शर्वाणी तिच्याकडे वळली. "तुमचंही लग्न ठरलंय ना? हातावर मेंदी दिसतेय म्हणून विचारते. घर घेताना आठवण ठेवा माझी."

* * *

गंगापूर धरणाच्या बाजूचा फ्लॅट गेला. बुकिंगचे पैसेही गेले. एका लहानशा सहकारी बँकेने रक्त न घेता कर्ज दिलं, पण चढ्या व्याजाने. त्यात सिडकोतल्या जुन्या इमारतीतलं दोन खोल्यांचं घर बसलं. पहिला मजला, पूर्वेला खिडकी नाही, समोर फॅब्रिकेशनचं दुकान, दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज. शर्वाणी त्या घराच्या प्रेमात वगैरे पडली नाही. परवडलं म्हणून घेतलं.

निबंधक कार्यालयात कारकुनाने विचारलं, "यंत्राचा दाखला नाही? मग वाटे तोंडी सांगा."

"निम्मं-निम्मं लिहा," निनाद पटकन म्हणाला. या वेळी तो मनापासून बोलत होता.

"नाही," शर्वाणी म्हणाली. "ज्याने जेवढे घातले, तेवढं त्याचं. मी साठ, हा चाळीस. झालेल्या गोष्टींचा हिशोब लिहा. पुढे काय होईल त्याचा नको."

निनाद दुखावला. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही. अजून नाही."

कारकुनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. निनादने मान हलवली, तेव्हा त्याने लिहिलं. सही करताना निनादचा हात जड झाला होता, हे तिला दिसलं. तिने त्याला बरं वाटेल असं काही बोलायचं टाळलं. तशी सवय तिला लागली होती, ती मोडायला हवी होती.

मंदाकिनीबाईंनी कंपनीकडे जाऊन स्वतःचा अहवाल मागून घेतला. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवला. तोवर निघालेल्या औषधांनी झीज रेंगाळायची, थांबायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निनादला कामाच्या टेबलावरून उठवलं.

"आजपासून तुझा तास."

"कसला तास?"

"माझा. मी शुद्धीत आहे तोवर शिकून घे. नंतर तू चुकलास तर मला सांगता यायचं नाही."

आणि त्यांनी खरोखरच शिकवायला घेतलं, मैदानावर मुलींना शिकवावं तसं. पडलेल्या माणसाला उठवायचं कसं, घास भरवताना हनुवटी कुठे धरायची, डोक्यावर पाणी घेताना डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाशी हात कसा आडवा लावायचा. निनाद पहिल्या आठवड्यात लाजला, दुसऱ्यात वैतागला. तिसऱ्यात म्हणाला, "आई, तुला अजून काही झालेलं नाही, आपण हा तमाशा कशासाठी करतोय?" त्यावर मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तुझी बायको रोज पहाटे उठून सिन्नरला जाते, तो काय तमाशा म्हणून? चल, हात लाव."

त्या दिवशी शर्वाणी डबा घेऊन निघाली होती. कारखान्याची बस चौकात यायची वेळ झाली होती. पुढच्या खोलीत मंदाकिनीबाई जमिनीवर आडव्या पडल्या होत्या, अंग सैल सोडून, पडलेल्या माणसासारख्या. निनाद त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलू बघत होता. त्याची पाठ चुकीच्या जागी वाकली होती. हे असं नसतं करायचं, हे शर्वाणीला लांबूनच दिसत होतं. बाबांना तिने अकरा महिने उचललं होतं.

"शर्वाणी, जरा हात लाव ना," निनाद धापा टाकत म्हणाला. "दोन मिनिटं. नाही जमत मला."

तिच्या हातांनी डबा खाली ठेवलासुद्धा. पाऊल पुढे पडलं. मग जमिनीवरून, मान न उचलता, मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तू नीघ. बस चुकेल."

शर्वाणी तशीच उभी राहिली. निनादच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत राग होता. तिच्यावर, आईवर, त्या खोलीवर. तिचाही राग कुठे गेला नव्हता. तिने डबा उचलला आणि दार ओढून घेतलं.

ती जिन्याच्या वळणावर होती तेव्हा वरून धप्प आवाज आला. तिचा हात कठड्यावर आवळला गेला. खालून दुकानातलं लोखंड करकरत होतं, त्यातून ती कान देऊन ऐकत राहिली. एक श्वास, दुसरा श्वास.

"गुडघे वाकव, गाढवा! पाठ नाही, गुडघे!" मंदाकिनीबाईंचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. "परत!"

शर्वाणी खाली उतरायला लागली.